सुशीचा वर्ग आणि आजीचा अंदाज

मुलांनो, आधी हात वर करा बघू. "सुशी म्हणजे कच्चा मासा" असं कोणाकोणाला वाटतं?

आम्हालाही तसंच वाटायचं. सिंगापुरात कुठल्याही मॉलमध्ये जा, सुशीचं दुकान दिसतंच. तरी इतक्या वर्षांत आम्ही कधी चौकशी केली नाही. आमच्या घरात थोरली शाकाहारी आणि धाकटा मासेखाऊ, त्यामुळे सुशीचा विषय निघाला की भांडण ठरलेलं!

गेल्या जूनच्या सुट्टीत आम्ही चौघं जपानला गेलो होतो. जून म्हणजे तिथला पावसाळा. टोकियोत दोन दिवस छत्र्या सांभाळत फिरल्यावर तिसऱ्या दिवशी छपराखाली करण्यासारखं काहीतरी हवं होतं. म्हणून त्सुकिजी भागातल्या एका छोट्या स्वयंपाकघरात सुशी करायला शिकवणाऱ्या वर्गात आम्ही नावं घातली. त्सुकिजीचा प्रसिद्ध घाऊक मासळीबाजार २०१८ साली तोयोसूला हलवला. पण बाहेरची जुनी दुकानांची ओळ अजून तिथेच आहे. सुऱ्या, वाळवलेले मासे, लोणची आणि समुद्री शेवाळ विकणारी ती गल्ली पाहून आम्हाला आपल्या मंडईची आठवण झाली.

वर्ग तीन तासांचा होता. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांना सगळे 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि आम्हाला जपानी येत नव्हतं. मध्ये एक कॉलेजातली मुलगी दुभाषी म्हणून उभी होती.

सुशी म्हणजे भात!

सेन्सेईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "सुशी म्हणजे मासा नव्हे. सुशी म्हणजे आंबट भात." मासा नसला तरी सुशी होते, पण भात नसला तर होत नाही. थोरलीने धाकट्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

आंबटपणाची गोष्ट मजेदार आहे. फार पूर्वी आग्नेय आशियात, जिथे भातशेती आणि गोड्या पाण्यातले मासे दोन्ही होते तिथे, लोक मासे टिकवायला मीठ लावून शिजवलेल्या भातात दाबून ठेवत. भात आंबायचा आणि त्या आंबटपणामुळे मासा महिनोन्महिने टिकायचा. खाताना मासा घ्यायचा आणि भात फेकून द्यायचा! म्हणजे सुशीचं मूळ आपल्या सिंगापूरच्या शेजारपाजारचंच. हीच पद्धत पुढे जपानात गेली. तिथल्या बिवा सरोवराकाठी त्या जुन्या प्रकारची 'फुनाझुशी' आजही करतात.

पुढे लोकांना इतके महिने थांबायचा कंटाळा आला. आंबवण्याऐवजी भातात व्हिनेगर घातलं की आंबटपणा लगेच मिळतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवून विकायला सुरुवात झाली. ही 'निगिरी' सुशी. तिचं श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. आज महागड्या हॉटेलात मिळणारी ही वस्तू त्या काळी रस्त्यावर उभ्याउभ्या खायची होती. आपल्या वडापावसारखीच!

भाताचं शास्त्र

पहिला तास नुसता भातातच गेला. जपानी तांदूळ आखूड, गोलसर असतो. तांदळातल्या स्टार्चचे दोन प्रकार असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, उदाहरणार्थ बासमती. ते कमी असेल तर शितं एकमेकांना धरतात, उदाहरणार्थ आपला इंद्रायणी किंवा हा जपानी तांदूळ. म्हणून बासमतीची सुशी होत नाही आणि जपानी तांदळाचा पुलाव होत नाही. प्रत्येक तांदळाचं काम वेगळं.

भात शिजल्यावर तो लाकडी पसरट परातीत काढला. त्यावर व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचं मिश्रण शिंपडलं. मग लाकडी उलथन्याने भात कापल्यासारखा हलवायचा. ढवळायचा नाही, नाहीतर शितं मोडून खळ होते. त्याच वेळी दुसऱ्याने पंख्याने वारा घालायचा. धाकट्याला पंख्याचं काम मिळालं. "हे कशाला?" असं त्याने विचारलं. वाऱ्याने वरचं जादा पाणी उडून जातं, भात लवकर निवतो आणि शितांवर चकाकी येते. भात गार करायचा नाही, अंगाइतका कोमट ठेवायचा.

नशिबाचं गवत

मग गुंडाळीची सुशी, म्हणजे 'माकी'. बांबूच्या छोट्या चटईवर नोरी ठेवायची. नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ, वाळवलेला पापुद्रा. त्यावर भात पसरायचा, मध्ये काकडी ठेवायची आणि चटईसकट गुंडाळायचं. शाकाहारी मंडळींसाठी आणखी एक सारण होतं, 'कान्प्यो'. भोपळ्याच्या पट्ट्या वाळवून गोडसर शिजवलेल्या. कुठला भोपळा, असं विचारलं तर तो निघाला आपल्या दुध्याचा सख्खा भाऊ! पालकांसाठी एक सूचना: कान्प्यो आणि अंड्याची पोळी दोन्ही बहुधा माशाच्या पाण्यात शिजवतात. शाकाहारी असाल तर आधी विचारा. आम्ही नाव घालतानाच कळवलं होतं, म्हणून सेन्सेईंनी आमच्यासाठी समुद्री शेवाळ आणि अळंबी यांच्या पाण्यात वेगळं शिजवलं होतं.

नोरीची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. जपानी कोळी शेकडो वर्षं उथळ समुद्रात बांबू रोवून नोरी वाढवत. पण तिचं 'बी' कुठून येतं हे कोणालाच माहीत नव्हतं. कधी भरपूर यायची, कधी काहीच नाही. म्हणून तिला 'नशिबाचं गवत' म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बुडालं आणि कोळी हवालदिल झाले.

उत्तर सापडलं ते इंग्लंडमध्ये. मँचेस्टरच्या डॉ. कॅथलीन ड्रू-बेकर या बाई तिकडच्या किनाऱ्यावरच्या अशाच शेवाळाचा अभ्यास करत होत्या. हे शेवाळ आयुष्याचा एक भाग शिंपल्याच्या कवचात, अगदी वेगळ्या रूपात काढतं, हे त्यांनी दाखवलं आणि १९४९ साली छापलं. ते वाचून जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांवर नोरीचं बी तयार करायची पद्धत बसवली. आज आपण खातो ती नोरी त्याच पद्धतीची. या बाई जपानला कधीच गेल्या नाहीत. १९५७ साली त्या वारल्या. १९६३ साली कुमामोतो प्रांतातल्या उतो गावी समुद्राकाठी त्यांचं स्मारक उभारलं गेलं आणि दर १४ एप्रिलला लोक तिथे जमून त्यांचे आभार मानतात.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

३१ ग्रॅम, १२ ग्रॅम, २४ ग्रॅम

शेवटी निगिरी. सेन्सेईंनी हात व्हिनेगरच्या पाण्याने ओले केले, टाळी वाजवून झटकले, परातीतून भात उचलला आणि दोन-तीन दाबांत मुटका तयार! त्यांनी तो वजनकाट्यावर ठेवला. १८ ग्रॅम. दुसरा, १८. तिसरा, १९. काट्याकडे त्या बघतही नव्हत्या.

आता आमची पाळी. ३१, १२, २४! वर आमचे मुटके दगडासारखे घट्ट. निगिरी बाहेरून धरून राहिली पाहिजे, पण आत शितांमध्ये हवा हवी. तोंडात गेल्यावर ती सुटली पाहिजे.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. आम्हाला आकडा लागतो. "बोटांची किती पेरं भात घ्यायचा? किती जोराने दाबायचं?" आम्ही विचारत राहिलो. दुभाषी मुलगी भाषांतर करत राहिली. सेन्सेई हसून म्हणाल्या, "हाताला कळतं."

मनात आलं, हे काय उत्तर झालं! पण मग त्यांनी काटा आमच्यासमोर सरकवला. मुटका करायचा, मोजण्याआधी मोठ्याने वजन सांगायचं, मग काट्यावर ठेवायचं. फरक बघायचा आणि पुन्हा करायचं. पंधराव्या मुटक्यापर्यंत आमची चूक तीन-चार ग्रॅमवर आली. धाकट्याची तर दोनवर! सेन्सेईंच्या हातात चाळीस वर्षांचे असे मुटके साठलेले आहेत. त्यांचा काटा हातातच आहे, इतकंच.

जेवणाच्या शेवटी गोड म्हणून 'शिरातामा' केलं. चिकट तांदळाच्या पिठाच्या छोट्या गोळ्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. पीठ किती मऊ मळायचं? या वेळी दुभाषी मुलीने तोंड उघडायच्या आधीच सेन्सेईंनी स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून दाखवली. आम्ही सगळ्यांनी आपापले कान चाचपले. समजलं!

मग आजीला फोन केला

तुम्ही म्हणाल, यात आजी कुठे आली? सांगतो.

सिंगापूरला परतल्यावर गणपती आले. दरवर्षी आमच्याकडे मोदक विकतचे असतात. या वर्षी आम्हाला जोर चढला. तीन हजारांहून जास्त मैलांवर जाऊन पैसे भरून सुशी शिकलो, तर मोदक का नाही? चिपळूणला आजीला व्हिडिओवर फोन लावला. "पिठीला पाणी किती?" "अंदाजाने." "मीठ?" "अंदाजाने." "किती वेळ वाफ?" "अगं, अंदाज येतो!"

अंदाज आला नाही. उकड कोरडी झाली, पाऱ्या चिरल्या, सारण मोदकपात्रात सांडलं. शेवटी बाप्पांना आम्ही टेक्काजवळून आणलेले पेढे दाखवले. पूर्वी आम्हाला आजीच्या या 'अंदाजाने'चा राग यायचा. नीट मापात सांगायला काय होतं, असं वाटायचं. पण या वेळी आम्हाला सेन्सेईंचा काटा आठवला. आजीचं मापही हातातच आहे. आणि ते माप फोनवरून येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या फोनवर दिसली. आजीची बोटं आता सांध्यांशी सुजतात. गेल्या गणपतीत तिने कळ्या पाडल्या नाहीत, खुर्चीवर बसून शेजारच्या काकूंकडून करून घेतल्या. आम्ही चाळीस वर्षं तिचे मोदक खाल्ले. एकाही मोदकाला कळी पाडली नाही.

म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत चिपळूणला जाताना बॅगेत वजनकाटा घेतला. संकष्टीच्या दिवशी आजी म्हणाली, "काटा कशाला? मोदक विकायचे आहेत का?" पण तिने मजा म्हणून करू दिलं. तिने वाटीने पिठी घेतली की आम्ही मोजायचो, पाणी ओतलं की मोजायचो. तिने उकडीचे दहा गोळे केले. सगळ्यात लहान २८ ग्रॅमचा आणि सगळ्यात मोठा ३१ चा! आम्ही आकडे वाचून दाखवले तर तिला काही विशेष वाटलं नाही. "मग? सारखे नकोत का?"

मग थोरलीने मराठीत, स्वतः विचारलं, "आजी, उकड किती मऊ हवी?"

आजीने पिठाळ बोटांनी स्वतःच्या कानाची पाळी धरली.

दोन्ही मुलं एकदम ओरडली. आजीला कळेना काय झालं. तिला जपानच्या सेन्सेईंची गोष्ट सांगितली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तांदूळ तिथेही तांदूळच ना!"

त्या दिवशी आजी थोरलीच्या हातावर हात ठेवून कळ्या पाडायला शिकवत होती. "अंगठा आत, दोन बोटं बाहेर, आता पारी फिरव." मध्ये दुभाषी नव्हता. शनिवारच्या मराठीच्या वर्गाला जायचा कंटाळा करणाऱ्या आमच्या मुलीला एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. 'पारी' हा शब्दच तेवढा नवा होता, पण तो समोर होता.

आता नोरीची गोष्ट आठवा. कोळ्यांच्या हातात शेकडो वर्षांचं ज्ञान होतं, पण पीक बुडालं तेव्हा लिहिलेला कागद उपयोगी पडला. आमचंही तसंच झालं. आजीचे आकडे आम्ही वहीत लिहिले. सिंगापूरला येऊन त्याच मापाने उकड काढली. इथली पिठी वेगळी, तिने पाणी जास्त प्यायलं. पण वहीमुळे आम्ही जवळ पोचलो आणि उरलेलं कानाच्या पाळीने सांगितलं. एकवीसपैकी चौदा मोदक न फुटता निघाले. वही आणि हात, दोन्ही लागतात.

करून पाहा: काकडीची सुशी

साहित्य: जपानी तांदूळ ३०० ग्रॅम, पाणी ३५० मिलिलिटर, तांदळाचं व्हिनेगर ५० मिलिलिटर, साखर २ मोठे चमचे, मीठ १ छोटा चमचा, नोरीचे ४ कागद, २ काकड्या, बांबूची चटई.

कृती:
१. तांदूळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मोजलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात शिजवा. दहा मिनिटं झाकून ठेवा.
२. व्हिनेगर, साखर, मीठ किंचित कोमट करून विरघळवा. गरम भातावर शिंपडा. भात कापत हलवा. धाकट्या भावंडाला वारा घालायला लावा.
३. नोरीचा कागद अर्धा कापा. चकचकीत बाजू खाली ठेवा. ओल्या हाताने सुमारे ८० ग्रॅम भात पसरा. पलीकडची एक बोट जागा मोकळी सोडा.
४. मध्ये काकडीची लांब फोड ठेवा आणि चटईने गुंडाळा. ओल्या सुरीने सहा तुकडे करा. सुरी मोठ्यांनी धरावी!

आठ गुंडाळ्या, म्हणजे ४८ तुकडे होतात. भात घेताना आधी वजन मोठ्याने सांगा, मग मोजा.

पालकांना विनंती: घरी कच्चा मासा वापरू नका. बाजारात मिळणारा मासा शिजवण्यासाठी असतो. सुशीचा मासा जंत मरावेत म्हणून अतिथंड तापमानात गोठवतात, आणि ते घरच्या फ्रिजचं काम नव्हे. २०१५ साली सिंगापुरात गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाऊन बरेच लोक गंभीर आजारी पडले होते. त्यानंतर इथे खाद्यविक्रेत्यांना असा मासा कच्चा वाढायला बंदी झाली.

डोकं चालवा

फिरत्या पट्ट्यावरची सुशी १९५८ साली ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी सुरू केली. बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा पाहून त्यांना ती कल्पना सुचली. पट्ट्याचा वेग त्यांनी सेकंदाला ८ सेंटिमीटर ठेवला. तुमची आवडती ताटली ४ मीटर दूर असेल तर किती सेकंद थांबाल? (उत्तर: ५०. भूक लागली असेल तर ते ५० मिनिटांसारखे वाटतील.)

नवे शब्द

उकड: पाण्यात शिजवून मळलेली तांदळाची पिठी.
पारी: सारण भरण्यासाठी उकडीची केलेली वाटी.
सारण: आत भरायचा गोड किंवा तिखट पदार्थ.
कळ्या: मोदकाच्या चुण्या.
अंदाज: हातात साठवलेलं माप!

तुमच्यासाठी काम

येत्या सुट्टीत आजी, आजोबा, मावशी, काका, जे कोणी "अंदाजाने" म्हणतात त्यांच्या शेजारी काटा आणि वही घेऊन बसा. एकच पदार्थ निवडा. त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडचे लिहा. नंतर स्वतःच्या हाताने एकदा करा, बिघडला तरी चालेल. वर्गात बाईंकडे कागद द्या, पुढच्या अंकात छापू.

आमच्या घरी आता दर संकष्टीला मोदक होतात. फुटलेले आई-बाबांना आणि अख्खे बाप्पांना, असा नियम आहे.